चंपाषष्ठीचा कुचला

आमच्या वखारीत दिवस उजाडायचा तो उंदीर मारण्यानं. तोंड धुवायच्या आधी बाबा सरकीच्या ढिगात काठी खुपसायचे, ढीग आतून हलायचा, आणि त्यातून जे काही बाहेर पडेल त्याच्यावर बाबांची काठी, माझी काठी आणि तिन्ही कुत्र्यांचे जबडे एकदमच तुटून पडायचे. मी तेव्हा परकर आवरत धावणारी पोर होते, पण उंदराच्या पाठीवर काठी नेमकी कुठं घालायची हे मला पक्कं ठाऊक होतं. भुऱ्या उंदराला हवेत भिरकावून पुन्हा तोंडात झेलायचा. दांड्या नुसता आवळून धरायचा आणि कण्याचा आवाज होईपर्यंत सोडायचा नाही. रिठी मात्र एकदाच झटका द्यायची आणि दुसऱ्याकडे वळायची. रक्त उडायचं, सरकी लाल व्हायची, आणि माय चुलीपाशी बसून म्हणायची, "हात धुतल्याबिगर भाकरीले शिवू नोका." आता माझ्या सुना मला झुरळावर चप्पल घालताना पाहून तोंड फिरवतात. फिरवोत बापड्या. त्यांचं सारं आयुष्य पत्र्याच्या डब्यांत झाकून ठेवलेलं आहे.

वखार अमरावतीची आणि शेठ अकोल्याचे. आम्ही मूळचे वलगावचे, काळ्या रानाचे कुणबी. पण त्या वर्षांत दर्यापलीकडं कुठं गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली म्हणे, आणि इकडं आमच्या बोंडांचं सोनं झालं. ज्याच्या त्याच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. बाबांनी रान भावांच्या हवाली केलं आणि शेठच्या वखारीची राखण पत्करली. दर्यापूरच्या बाजूनं, मोर्शीच्या बाजूनं गाड्यांची रांग लागायची. अंगणात बाया ओळीनं बसून हातचरकावर कापूस घालायच्या. लाकडी लाट आणि लोखंडी कांब यांच्यामधून रुई पलीकडे जायची, सरकी अलीकडे पडायची, आणि चरकांची कुईकुई दिवसभर कानात किरकिरायची. रुईचे तंतू आमच्या पांघरुणात असत, केसांत असत, अंबाडीच्या भाजीत तर असतच. भाकरीचा तुकडा मोडला की त्यातूनही एखादा धागा निघायचा. ती भाजी आणि वर मिरचीचा ठेचा, ही चव मला अजून आठवते.

रुई साठवायला एक मोठी कोठी होती. जाड मातीच्या भिंती, एकच फळ्यांचं दार, आणि आत आढ्यापर्यंत रुई. त्या कोठीत शिरलं की चरकांचा आवाज बाहेरच तुटायचा. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू यायचा. मला तिथं लपायला आवडे, आणि शेठच्या रुईला कुणी शिवलेलं कळलं तर बाबा पाठ फोडतील हेही माहीत होतं. त्यांनी एकदा फोडलीही होती.

उंदीर काठीनं संपेनात, तेव्हा शेठच्या मुनिमानं कुचला आणून दिला. चपट्या, करड्या, गुंडीसारख्या बिया. माय त्या भिजत घालायची, कानशीनं किसायची आणि ज्वारीच्या पिठात गूळ घालून त्याच्या गोळ्या वळायची, कारण कुचला कडू जहर. गुळाशिवाय उंदीरसुद्धा त्याला तोंड लावायचा नाही. पण त्याच गुळापायी कुत्रंही तोंड लावतं, आणि मायला सगळी काळजी त्याची होती. तिची रीत अशी होती: गोळी उघड्यावर ठेवायची नाही. अरुंद तोंडाच्या मडक्यात टाकून ते आडवं भिंतीशी मातीत रुतवायचं, म्हणजे उंदीर आत शिरेल पण कुत्र्याचं नाक अडेल. मडकी मांडण्याआधी कुत्री बैलांच्या दावणीला बांधायची आणि त्यांना पोटभर खाऊ घालायचं, कारण उपाशी कुत्रं मडकं फोडतं. सकाळी मेलेला प्रत्येक उंदीर चिमट्यानं उचलून लांब खड्ड्यात पुरायचा. मेलेल्या उंदराच्या पोटातला कुचला कुत्र्यालाही मारतो. पीठ मळलेली परात वेगळी, ती घरात यायची नाही. "कुचला मांडला का कुत्रं बांदाचं," ती मला बजावायची, "अन् कुत्रं सोडाचं तं आंदी कुचला उचलाचा. याच्यात तिसरं काई नाई." हल्ली प्लेगच्या भीतीनं घरोघर उंदरांच्या गोळ्या टाकतात, उंबऱ्यावर, कोनाड्यात, पोरांच्या हाताशी, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत कुत्रं तडफडलं की म्हणतात, अरेरे. मला अशा माणसांचा संताप येतो.

रिठीवर मायचा जीव जरा जास्तच होता. बाबा गाड्यांबरोबर अकोल्याला गेले असताना भरदुपारी एक चोर रुईच्या बोऱ्या कापायला शिरला होता. माय एकटी होती. रिठीनं त्याची पोटरी धरली आणि त्यानं विळ्याचे घाव घातले तरी सोडली नाही. तिच्या खांद्याचं मांस लोंबत होतं. मायनं त्यात हळद भरली, लुगड्याचा पदर फाडून बांधला आणि ती बरी होईपर्यंत तिला आपल्या ताटातलं भरवलं. बाबांना हे चोचले वाटायचे. पण परगावी जाताना तेही दारात रिठीला पाहूनच निघायचे, हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या घरात खंडोबा. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला गोवऱ्यांच्या आरावर रोडगे, वांग्याचं भरीत, तळी, भंडारा, सगळं साग्रसंगीत. कुत्रं म्हणजे मल्हारीचं जनावर, म्हणून त्या दिवशी पहिला घास कुत्र्याचा. बाबांचा नेम त्याहून कडक होता: त्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात दावं ठेवायचं नाही. इतर वर्षी त्यात काही बिघडलं नाही. त्या वर्षी मात्र आदल्या संध्याकाळी मुनीम गाड्या घेऊन अकोल्याकडे निघाला आणि जाता जाता सांगून गेला की सरकीचा नवा ढीग पडलाय, आजच कुचला मांडा. मायनं मांडला. कुत्री दावणीला बांधली.

सकाळी खंडोबाची गाणी म्हणणारा वाघ्या आला, वखारीतली आणि शेजारची माणसं जमली, दिमडी वाजू लागली. माय आरातले रोडगे उलटवत होती. बाबा अंघोळ करून कपाळाला भंडारा लावून आले आणि थेट दावणीकडे निघाले.

"सोडू नोका अजून," माय ओरडली. "मडके भितीले तसेच हाय."

"आज देवाचा दिस हाय. आज दावं नसते ठेवत."

"मी कुटं नाई म्हनतो? रोडगे उतरू द्या, मडके उचलू द्या, मंग सोडा. करपून राह्यले इकडे."

लोक पाहत होते. वाघ्यानं वाजवणं थांबवून मान वर केली. बाबांना चार माणसांत बायकोनं थांबवलेलं मुळीच खपत नसे. "देवाच्या कामाले आता तुह्या मडक्यायची वाट पाहू का?" असं म्हणून त्यांनी दावी सोडली. लोकांनी येळकोट केला. मायच्या हातातला रोडगा आरात पडला आणि ती तशीच मडक्यांकडे धावली. मीही धावले. पण आदल्या रात्रीपासून बांधलेली कुत्री आमच्या आधी सरकीच्या ढिगापाशी पोचली होती. भुऱ्यानं पंजानं मडकं फोडलं. दांड्यानं मेलेला उंदीर उचलला आणि गिळला. रिठीनं काय खाल्लं ते मला दिसलं नाही, पण तिनं जीभ फिरवून ओठ चाटले. मायनं उरलेली मडकी उचलली, कुत्र्यांना हाकललं आणि मला मिठाचं पाणी करायला सांगितलं. बाबांनी तिचा दंड धरून तिला तळीकडे ओढलं. "आता तमाशा नोको. काई होत नाई."

तळी उचलली. भरीत वाढलं. कुत्र्यांना घास दिला, तो त्यांनी घेतलाही. आणि पंगत अर्ध्यावर असताना भुऱ्या उभ्या उभ्या ताठ झाला. त्याचे पाय लाकडासारखे पसरले, मान पाठीकडे वळली, ओठ मागे ओढले जाऊन सगळे दात उघडे पडले. वाघ्यानं दिमडीवर थाप मारली, तसा भुऱ्या जमिनीवरून उसळला. पुन्हा थाप, पुन्हा उसळला. तोंडाला फेस आला. तेवढ्यात दांड्या एका बाईच्या पानावर कोसळला आणि तिथंच आचके देऊ लागला.

"पिसायलं!" कुणीतरी किंचाळलं. "कुत्रं पिसायलं!"

त्यानंतर काय झालं ते मी नातवंडांना कधी सांगितलं नाही. ज्या हातांनी तळी उचलली होती त्याच हातांनी लोकांनी काठ्या उचलल्या. सकाळी ज्यांच्या गळ्यात दावं ठेवणं पाप होतं, त्यांच्या डोक्यात आता खुंटे आणि जोखडाच्या खिळी पडत होत्या. दांड्याला पळता येत नव्हतं, त्याचे पाय आखडले होते. त्याला पाच-सहा जणांनी मिळून ठेचलं, तो हलायचा थांबला तरी ठेचत राहिले, आणि भरीताच्या पत्रावळींवर त्याचं रक्त उडालं. भुऱ्या सरपटत बाबांकडे आला. मालक म्हणून आला असेल. बाबांनी खोरं उचललं आणि दोन्ही हातांनी त्याच्या मानेवर घातलं. पहिल्या घावात तो मेला नाही. बाबांनी डोळे मिटून दुसरा घातला.

"पिसायलं नाई, कुचला हाय थो!" माय ओरडत होती. "वाजवनं बंद करा! वरडू नोका!" तिला माहीत होतं, कुचल्याच्या जनावराला आवाज म्हणजे चाबूक. एकेक आवाज त्याला आवळतो आणि असा आवळत आवळत श्वास बंद करतो. अंधार मिळाला, शांतता मिळाली, तर एखादं जगतं. पण त्या कालव्यात तिचं कोण ऐकणार? तिनं रिठीला ढिगामागे गाठलं होतं. तिच्या दाढा फाकवून मिठाचं पाणी ओतलं होतं, आणि रिठीनं घडाघडा ओकलंही. मग रिठीलाही आचका आला, जबडा मिटला, आणि मायचा हात कोपराच्या खाली आरपार दातांत सापडला. तिनं हात सोडवला नाही. आचका ओसरेपर्यंत तशीच बसून राहिली. मग रिठीला पोटाशी उचलून ती रुईच्या कोठीकडे धावली. रुई त्या दिवसांत लोक चांदीच्या भावानं मोजत होते, आणि मायनं त्या रुईत रक्तानं, फेसानं माखलेलं कुत्रं खोल खुपसलं.

"गोदे, अंदर ये. हिले पोटाशी धर अन् हूं का चूं करू नोको. मले काई झालं तरी दार उघडू नोको. आवाज झाला का हे गेली समज."

तिनं बाहेरून दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. मी रिठीवर आणि माझ्यावर रुई ओढली. फळ्यांना फटी होत्या. मला सगळं दिसत होतं.

बैलांना डाग देणारा महादू पुढं आला. तो मायचा हात पाहत होता, कोपरापासून बोटांपर्यंत रक्त ओघळत होतं. "बाईले दात लागले," तो म्हणाला.

"कुचल्याचं कुत्रं हाय, भाऊ. चावलं तरी काई होत नाई."

महादूनं बाबांकडे पाहिलं. "काहो सदूभाऊ, मडक्याईत कुचला व्हता का?"

बाबा खोरं धरून उभे होते. समोर भुऱ्या पडलेला. मला वाटलं, आता बोलतील. माझे बाबा वाईट माणूस नव्हते. पण कुत्रं पिसाळलेलं असलं तर त्यांनी गावाचं रक्षण केलं होतं, आणि कुचल्याचं असलं तर त्यांनी चंपाषष्ठीच्या दिवशी, देवाच्या अंगणात, देवाचं जनावर आधी विषात सोडलं होतं आणि मग हातानं तोडलं होतं. या दोहोंतलं एक त्यांना निवडायचं होतं.

"नाई," ते म्हणाले. "मडके रितेच व्हते. कुचला कालच उचलला सारा."

माय त्यांच्याकडे पाहतच राहिली. 

"मंग येच वक्ती डाग देल्ला पायजे," महादू म्हणाला. "नाई तं बाई भुंकू भुंकू मरन." कुणीतरी चरकाची कांब उपटून आणली आणि रोडग्यांच्या आरात खुपसली. काही जण कुत्रं बाहेर काढायला दाराकडे आले, तशी माय म्हणाली, "आंदी मले द्या डाग. कुत्र्याचं मंग पाहू." मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "पन दाराजवय नोको. तिकडे दावनीपाशी घ्या." लोकांना वाटलं, पळायचा बेत आहे. त्यांनी तिला तिथंच, दाराला टेकवून खाली दाबलं. एकानं पाय धरले, दोघांनी खांदे. हात बाबांनी धरला.

मायनं दाराच्या फटीतून बाहेर आलेली रुई मूठभर ओढली आणि तोंडात कोंबली.

रिठीचं हृदय माझ्या तळहाताखाली धडधडत होतं. अंगणात कुणी मोठ्यानं बोललं की तिच्या अंगातून कळ जायची आणि चारी पाय ताठ व्हायचे. मी तिचे कान दोन्ही हातांनी दाबले. आता ओरडले तर रिठी जाईल आणि गप्प राहिले तर मायला जाळतील, हे दोन्ही मला लख्ख कळत होतं. त्या दिवसाइतका राग मला पुढं आयुष्यात कधी आला नाही, सासूचा नाही, दैवाचा नाही. कांब लागल्याचा चरचर आवाज आला. मग वास आला. दार एकदा थरथरलं, आणि बस्स. मायच्या तोंडून आवाज निघाला नाही. महादूनं दुसऱ्या दाताच्या जागी पुन्हा डाग दिला, तेव्हाही नाही. लोक थोडे घाबरले. एवढं होऊन बाई ओरडत कशी नाही, म्हणून ते आपोआप गप्प झाले, आणि त्या शांततेत रिठीचा आचका सुटला. तिनं पाय सैल सोडले.

नंतर कुत्रं बाहेर काढायची कुणाला हिंमत झाली नाही. माय दारातच बसून राहिली, हात कुशीत धरून. जो जवळ येईल त्याच्याकडे अशी बघायची की तो परत फिरायचा. माझ्यापुरतं तिनं दार किलकिलं करून पाणी आत सरकवलं. माणसं पांगली. मेलेल्या दोघांना बाबांनी एकट्यानं खड्डा खणून पुरलं. आमच्यात कुणी जेवलं नाही.

रिठी पुढं एक दिवस उन्हं वर आल्यावर आपल्या पायांनी कोठीबाहेर आली. लंगडत अंगण ओलांडलं, बैलांच्या डोणीवर पाय ठेवले आणि लपालपा पाणी प्यायली. चरकावरच्या बायांनी हात थांबवले. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, ते जगत नाही, हे वऱ्हाडात शेंबड्या पोराला माहीत असतं. बाबा बोऱ्या शिवत होते. सुई त्यांच्या हातात तशीच राहिली. मग ते उठून मायपाशी आले. ती चुलीसमोर डाव्या हातानं ज्वारी निवडत होती, उजवा हात सुजून काळा पडला होता.

"कुचलाच व्हता," ते म्हणाले.

"मले काय सांगता?" माय म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. "मले ठाव हाय. ज्याईच्या समोर नाई म्हनले, त्याईले सांगा."

 बाबा डोईला पागोटंही न घालता बाहेर गेले. मला वाटलं, आता संध्याकाळपर्यंत येणार नाहीत. पण ते आले, आणि बरोबर महादू, आणि त्या दिवशी काठ्या घेतलेले बरेचसे जण. बाबा अंगणाच्या मध्ये उभे राहिले. त्यांचा आवाज फाटत होता. म्हणाले, कुचला मडक्यात होता. मी सोडली कुत्री, मी खोटं बोललो. देवाचं जनावर मी तोडलं. हिला डाग लागायचं काही कारण नव्हतं. आणि बाही वर सरकवून त्यांनी हात महादूसमोर धरला.

"दे."

महादू हसला. "येडा झाला का, सदूभाऊ? असं कुटं असते का? जे झालं थे झालं. चाल."

"दे म्हनतो."

कुणी हसलं, कुणी समजूत घातली, आणि मग सगळे मायकडे पाहू लागले. अशा वेळी बायको पुढं येते, हात धरते, राहू द्या म्हणते. मीही तेच धरून चालले होते. खरं सांगायचं तर मला तसंच व्हायला हवं होतं. बाबांचा चेहरा माझ्याच्यानं पाहवत नव्हता.

माय उठली. चुलीतलं लाकूड पुढं सारलं, डाव्या हातात फुंकणी घेतली आणि विस्तव फुंकू लागली. जाळ मोठा होईपर्यंत ती थांबली नाही. मग चरकाची कांब तिनं स्वतः आणून त्यात ठेवली आणि बाजूला सरून उभी राहिली.

महादूनं कांब उचलली आणि बाबांच्या हाताला टेकवली. बाबांनी पहिल्यांदा दात आवळून धरले, त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी गळालं, पण ते ओरडेनात. डोणीपाशी झोपलेली रिठी वासानं जागी होऊन उभी राहिली होती. मायनं तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"वरडा," ती म्हणाली. "आता कोनाले काई होत नाई."

आणि बाबा ओरडले.